ईशज्ञानाची पदव्युत्तर पदवी: लायसेन्शिएट पूर्ण करायचं तर काय काय लागतं

"बीए झालंय, दोन वर्षं कशीबशी काढता येतील. तेवढ्यात थिऑलॉजीची मास्टर डिग्री होऊन जाईल ना?" दर उन्हाळ्यात असा एखादा तरी फोन येतो. विचारणारे बहुतेक वसईकडचे, क्वचित गोव्याचे. कधी शाळेत धर्मशिक्षण घेणाऱ्या बाई, कधी निवृत्तीला आलेले बँकवाले, कधी एखादी नवी सिस्टर. माझं उत्तर ठरलेलं असतं: दोन वर्षं पुरतात, पण ती शेवटच्या मजल्याची. खालचे मजले बांधलेत का, ते आधी बघा.

मी स्वतः प्रापंचिक. लग्न झालेलं, घरात दोन मुलं, आणि तरीही लायसेन्शिएट केलं. पहिल्या दिवशी गळ्यात मंगळसूत्र असूनही अर्धा वर्ग मला "सिस्टर" म्हणत होता. तेव्हा हे सगळं सेमिनरीतून, म्हणजे फादर घडवणाऱ्या संस्थेतून, न आलेल्या माणसाच्या नजरेतून लिहिलंय असं समजा. फादर होणाऱ्या मुलांना यातलं निम्मं त्यांचे रेक्टरच सांगतात. आपल्याला सांगणारं कोणी नसतं.

आधी मजले मोजा

ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या तीन पदव्या आहेत: बॅकलॉरिएट, लायसेन्शिएट आणि डॉक्टरेट. जगभरच्या पोपमान्य विद्याशाखांना एकच नियमावली लागू होते. पूर्वी ती १९७९ ची 'सापिएन्शिया ख्रिस्तियाना' होती. तिच्या जागी जानेवारी २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांची 'व्हेरितातिस गौदियुम' प्रसिद्ध झाली. रोम असो, बंगळुरू असो की पुणे, सांगाडा तोच.

पहिला टप्पा पाच वर्षांचा, म्हणजे दहा सत्रांचा. त्यात तत्त्वज्ञानही येतं. तत्त्वज्ञानाची दोन वर्षं आधीच झाली असतील तर थिऑलॉजीची तीन उरतात. या टप्प्यात सगळंच थोडं थोडं शिकवतात: पवित्र शास्त्र, सिद्धांत, नीतिशास्त्र, उपासना, ख्रिस्तसभेचा इतिहास, आद्य धर्मपित्यांचं लेखन, कॅनन कायदा म्हणजे ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदा. शेवटी मिळतं ते बॅकलॉरिएट.

दुसरा टप्पा दोन वर्षांचा, चार सत्रांचा. इथे एक विषय निवडून त्यात खोल जायचं. याचं फळ म्हणजे लायसेन्शिएट, आणि हा लेख त्याच्याबद्दल आहे. तिसरा टप्पा डॉक्टरेटचा. त्याला ठरावीक वर्षं नाहीत, प्रबंध आहे.

बायबलचाच सखोल अभ्यास करायचा असेल तर हिशेब बदलतो. रोमच्या बिब्लिकल इन्स्टिट्यूटमध्ये हिब्रू आणि ग्रीकमुळे लायसेन्शिएटला तीन वर्षं लागतात, आणि भाषा कच्च्या असतील तर तयारीचं वर्ष वेगळं. "मला फक्त बायबल शिकायचंय, ते सोपं पडेल" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगून गप्प बसते.

अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या कॅथलिक विद्यापीठांत साधी एमए थिऑलॉजीही मिळते. ती त्या देशाच्या कायद्याने दिलेली पदवी. लायसेन्शिएट पोपच्या अधिकाराने दिलं जातं. दोन्ही पदव्या चांगल्याच आहेत, पण उपयोग वेगळे. या कायद्यातल्या कॅनन (कलम) २५३ प्रमाणे सेमिनरीत तत्त्वज्ञान, थिऑलॉजी किंवा कायदा शिकवायचा तर मान्यताप्राप्त विद्यापीठाचं डॉक्टरेट किंवा लायसेन्शिएट लागतं. उलट आपल्याकडच्या सरकारी नोकरीसाठी वा कॉलेजातल्या जागेसाठी हीच पदवी आपोआप चालेल असं धरून चालू नका. जिथे ती दाखवायची आहे तिथून आधी लेखी उत्तर घ्या. तोंडी "हो हो, चालेल" म्हणणारा माणूस तुमचा अर्ज जाईपर्यंत त्या खुर्चीत असेलच असं नाही.

प्रापंचिकांना याची परवानगी आहे का, हाही प्रश्न हमखास येतो. १९८३ च्या कॅनन कायदासंहितेतलं २२९ वं कलम उघडा. ख्रिस्तसभेच्या विद्यापीठांत शिकण्याचा आणि पदवी घेण्याचा हक्क आपल्याला तिथे स्पष्ट शब्दांत दिलाय. बाई असो वा बुवा.

कुठे शिकायचं

मराठी माणसाला सगळ्यात जवळचं ठिकाण म्हणजे पुण्यातलं ज्ञानदीप. नगर रोडवरून जाताना ते सहज दिसत नाही, पण त्याचं मूळ फार जुनं. पोप तेरावे लिओ यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला पेपल सेमिनरी सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्यात आली. तिथलं सगळं शिक्षण इंग्रजीतून चालतं. दिल्लीत विद्याज्योती आहे, बंगळुरूला धर्माराम आणि सेंट पीटर्स आहेत. रोमला जायचं तर ग्रेगोरियन विद्यापीठाचं नाव पहिलं निघतं. इग्नेशियस लोयोलांनी १५५१ मध्ये उघडलेल्या शाळेतून ते वाढलं.

ठिकाण निवडताना लोक नाव बघतात. मी म्हणेन, शिक्षकांची यादी बघा. तुमच्या आवडीच्या विषयात तिथे कोण शिकवतं, आणि पुढची दोन वर्षं तो माणूस तिथेच असणार आहे का? लायसेन्शिएटला मार्गदर्शक हीच अर्धी शाळा असते.

कागद

यादी छोटी, पण हेलपाटे मोठे. बॅकलॉरिएटचं प्रमाणपत्र आणि सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, आधीच्या पदव्या, स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) दाखला, आणि धर्माधिकाऱ्याचं शिफारसपत्र. व्रतस्थांना ते त्यांच्या संघाच्या प्रोव्हिन्शियलकडून, म्हणजे प्रांतप्रमुखाकडून, मिळतं, धर्मगुरूंना बिशपकडून. प्रापंचिकांनी आपल्या धर्मग्रामाच्या फादरांपासून सुरुवात करावी आणि शेवटचं पत्र धर्मप्रांताच्या कार्यालयाचं घ्यावं. पत्रात तुम्ही किती भले आहात याच्या कौतुकापेक्षा "ही व्यक्ती अमुक अभ्यासासाठी योग्य आहे" हे वाक्य हवं असतं.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे आडनावाचं स्पेलिंग. घोन्साल्विस, डिमेलो, तुस्कानो, काहीही घ्या. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर मास्तरांच्या कानाला आलं तसं, पासपोर्टावर तिसरंच. माझ्या कागदांत तीन होती. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. प्रवेशाच्या वेळी ते चालून जातं, पण पदवीवर चुकीचं नाव छापून आल्यावर दुरुस्तीला अख्खं वर्ष जातं.

बॅकलॉरिएट नसेल तर? सेमिनरीचा पूर्ण अभ्यासक्रम झालाय पण पदवी घेतलेली नाही, अशांना पूरक विषय किंवा प्रवेश परीक्षा देऊन आत येता येतं. साध्या बीएला मात्र खालून चढावं लागतं. 'रिलिजस सायन्सेस'ची तीन अधिक दोन वर्षांची वेगळी वाट काही संस्थांत असते. ती मुख्यतः प्रापंचिक आणि व्रतस्थांसाठी आखलेली आहे. धर्मशिक्षणाचंच काम करायचं असेल तर ती जास्त सोयीची पडते, पण त्या लायसेन्शिएटला थिऑलॉजीचं लायसेन्शिएट समजू नका.

रोमला जाणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. व्हिसासाठी तुमचा राहण्या-शिकण्याचा खर्च कोण उचलणार याचं हमीपत्र लागतं, त्याची तजवीज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच करा. आणि इटलीत उतरल्यावर कामकाजाच्या आठ दिवसांत निवासपरवान्याचा अर्ज टाकायचा असतो, जेट लॅग असो वा नसो.

भाषा: इथेच माणसं अडकतात

नियम सांगतो की ख्रिस्तसभेचे मूळ स्रोत आणि दस्तऐवज समजून वापरता येतील इतकं लॅटिन आलं पाहिजे. शिवाय विषयाप्रमाणे ग्रीक किंवा हिब्रू, आणि संशोधनाची एखादी आधुनिक भाषा. रोममध्ये इटालियनला पर्याय नाही.

मी लॅटिन "नंतर बघू" म्हणून ठेवलं. पहिलं सत्र गेलं, दुसरं गेलं, तिसऱ्यात प्रबंधाचं काम अंगावर आलं आणि लॅटिनची परीक्षा उरलेलीच. रात्री मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभी राहून विभक्त्या पाठ केल्या. बसले असते तर झोपले असते. तेव्हा वैतागून वाटायचं, सगळं इंग्रजीत मिळतं, हा छळ कशाला? मग एका शब्दाने डोळे उघडले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नोव्हेंबर १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज संमत केला, 'ल्युमेन जेन्शियुम', त्याचा आठवा परिच्छेद काढा. ख्रिस्ताने स्थापलेली ख्रिस्तसभा आणि कॅथलिक ख्रिस्तसभा यांचं नातं काय, हा तिथला प्रश्न. आधीच्या मसुद्यात क्रियापद होतं 'एस्ट', म्हणजे 'आहे'. ही म्हणजेच ती, विषय संपला. अंतिम मजकुरात ते बदलून 'सबसिस्टिट इन' केलं. याचं मराठी करून बघा. 'वसते' म्हणावं तर भाडेकरू वाटतो. 'अस्तित्वात आहे' म्हटलं की पुन्हा 'आहे'कडेच घसरतं. 'टिकून आहे' बरं, पण तेही पुरत नाही. या एका क्रियापदावर चाळीस वर्षं वाद झाला, आणि २००७ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत विभागाला त्यावर प्रश्नोत्तरांच्या रूपात खुलासा काढावा लागला. इतर पंथांतल्या आपल्या शेजाऱ्यांकडे ख्रिस्तसभा कशी बघते, ते सगळं या शब्दाला लटकलेलं आहे. भाषांतरावर विसंबून यावर प्रबंध लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातून सुईत दोरा ओवणं.

तेव्हा लॅटिन प्रवेशाच्या आधीच्या उन्हाळ्यात सुरू करा. रोज अर्धा तास. जी प्रार्थना पाठ आहे तिच्यापासून: 'पातेर नोस्तेर' ('हे आमच्या स्वर्गातील बापा') तोंडात बसवा आणि प्रत्येक शब्दाचं रूप ओळखा. आपल्याला विभक्त्या नव्या नाहीत. 'रामाने, रामाला, रामाचा' करत मोठ्या झालेल्या माणसाला लॅटिनची जात लवकर कळते, इंग्रजीवाल्यांपेक्षा नक्कीच.

तासांचा हिशेब

युरोपी पद्धतीने लायसेन्शिएट १२० क्रेडिटचं असतं. युरोपभरच्या पदव्या एका मापात आणणाऱ्या बोलोन्या प्रक्रियेत व्हॅटिकन २००३ मध्ये सामील झालं, तेव्हापासून हे मोजमाप आलं. एक क्रेडिट साधारण २५ तासांचं. म्हणजे दोन वर्षांत ३,००० तास. आता तीन क्रेडिटचा एक विषय घ्या: एकूण ७५ तास. त्यात वर्ग आठवड्याला दोन तास, बारा आठवडे, म्हणजे २४. उरलेले ५१ तास तुमचे आणि ग्रंथालयाचे. भारतात क्रेडिट मोजण्याची रीत वेगळी असू शकते, पण हे प्रमाण लक्षात ठेवा. "वर्ग तर दुपारीच संपतात" असं घरच्यांना सांगून ठेवलंत तर दुपारनंतरची सगळी कामं तुमच्याच गळ्यात पडतील.

विषयांचे तीन प्रकार असतात: सगळ्यांना सक्तीचे, तुमच्या शाखेचे, आणि ऐच्छिक. ऐच्छिक निवडताना प्रबंधाला उपयोगी तेच घ्या. सेमिनार मात्र वेगळा प्राणी आहे. तिथे दहा-बाराजण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाने एक निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी तो सोलायचा. मला पहिल्यांदा रडू आलं होतं. पण त्या निबंधातली बारा पानं पुढे प्रबंधात जशीच्या तशी गेली, कारण सोलून सोलून तीच काय ती मजबूत झाली होती.

प्रबंधाचा विषय बारीक करणं

लायसेन्शिएटचा प्रबंध डॉक्टरेटसारखा नवा शोध लावायचा नसतो. मूळ साधनं नीट वाचता येतात, इतरांनी काय म्हटलंय ते ठाऊक आहे आणि एक मुद्दा पायरीपायरीने मांडता येतो, एवढं दाखवायचं असतं. नवखा माणूस इथे विषय मोठा घेऊन बुडतो.

माझंच उदाहरण. मी मार्गदर्शक सरांना पहिल्या भेटीत सांगितलं, "मराठी ख्रिस्ती साहित्यातलं ख्रिस्तदर्शन." सर म्हणाले, "कोणतं शतक?" मी गडबडले. पुढच्या भेटीत म्हटलं, "फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणातलं ख्रिस्तदर्शन." मला वाटलं खूप बारीक केलं. ते म्हणाले, "किती ओव्या आहेत?" जवळपास अकरा हजार. "त्यातल्या किती वाचल्यास?" मी गप्प. मग त्यांनी विचारलं, "आणि कोणती प्रत?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. पुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं, मराठी भाषेत पण रोमन लिपीत. ती पहिली छपाई आज हाताशी नाही. अभ्यासक १९०७ ची मंगळूरची आवृत्ती वापरतात, आणि देवनागरी हस्तलिखितही आहे. दोन्हींत शब्दांचे फरक आहेत. म्हणजे 'स्टीफन्स असं म्हणतात' हे लिहिण्याआधी कोणत्या कागदावरचे स्टीफन्स ते ठरवायचं.

शेवटी विषय ठरला तो असा: ग्रंथाच्या दुसऱ्या भागात, म्हणजे दुसऱ्या पुराणात, 'वैकुंठ' हा शब्द कुठे कुठे येतो, आणि त्यातून तारणाची कोणती कल्पना उभी राहते. एका इंग्रज जेझुइटाने गोव्यात बसून, ओवीच्या चालीवर, स्वर्गासाठी विष्णूच्या धामाचा शब्द का घेतला? एवढाच प्रश्न. तो ऐंशी पानांत मावला. "आता हा विषय तुला पुरून उरेल," असं सर म्हणाले आणि तसंच झालं.

तुम्हीही हीच चाळणी लावा. कोणाचं लेखन, कोणतं एक पुस्तक, त्यातला कोणता भाग, कोणती प्रत, आणि त्याला कोणता एक प्रश्न. पाचही उत्तरं एका वाक्यात बसली की मार्गदर्शकाकडे जा. दुसऱ्या सत्राच्या शेवटापर्यंत हे वाक्य हातात हवं. मराठी साधन वापरत असाल तर तळटीपेत मूळ ओवी आणि तुमचं इंग्रजी भाषांतर दोन्ही द्या, कारण परीक्षकाला मराठी येत असेलच असं नाही.

तळटीपा

थिऑलॉजीत परिषदांचे आणि पोपमहोदयांचे दस्तऐवज पानाच्या नव्हे, परिच्छेदाच्या क्रमांकाने देतात. जुन्या सिद्धांतवचनांसाठी डेन्झिंगरचा संग्रह वापरतात. तो १८५४ मध्ये पहिल्यांदा निघाला आणि पुढे वाढत गेला. सापळा असा की मधे त्याचे क्रमांक बदलले. ख्रिस्त खरा देव आणि खरा मानव, एक व्यक्ती दोन स्वभाव, ही ४५१ च्या कॅल्सिडन परिषदेची व्याख्या जुन्या पुस्तकांत १४८ क्रमांकाला सापडते आणि नव्या आवृत्त्यांत ३०१-३०२ ला. जुन्या पुस्तकातला क्रमांक उचलून नव्या आवृत्तीच्या नावाखाली टाकला की परीक्षकाला तिथल्या तिथे कळतं, तुम्ही मूळ उघडलंच नाही. मला हे कसं ठाऊक ते विचारू नका.

शेवटची परीक्षा

बहुतेक ठिकाणी दोन गोष्टी असतात: प्रबंधावरची चर्चा आणि तुमच्या शाखेची सर्वसमावेशक परीक्षा. दुसरीसाठी मुद्द्यांची छापील यादी आधी देतात. सगळे मुद्दे तयार करायचे, विचारतात त्यातले दोन-तीन. माझी रीत अशी होती: प्रत्येक मुद्द्याला पोस्टकार्डाएवढा एक कागद. वर बायबलमधली जागा, खाली धर्मपित्यांपैकी एक, मग एक परिषद, एक आजचा विचारवंत, आणि तळाला माझं स्वतःचं एक वाक्य. तोंडी परीक्षेत आधी ते तळाचं वाक्य बोलायचं आणि मग वर चढायचं. उलट केलंत तर इतिहास सांगतानाच घंटा होते.

एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "हे मी वाचलेलं नाही, पण अमुक दिशेने शोधीन" असं सरळ म्हणा. परीक्षक वर्षानुवर्षं ऐकत आलेले असतात, थापेचा सूर त्यांना पहिल्या शब्दाला कळतो.

ग्रेगोरियनसारख्या ठिकाणी गुण दहापैकी असतात आणि सहाला उत्तीर्ण. पण पुढे डॉक्टरेट करायची असेल तर काठावर पास होऊन भागत नाही, लायसेन्शिएटचे गुण बघूनच दार उघडतात. आणि डॉक्टरेटला प्रबंधाचा निदान मुख्य भाग छापावाही लागतो. त्या खर्चाचा विचार आतापासून डोक्यात असू द्या.

पदवी हातात आल्यावर

प्रमाणपत्र लॅटिनमध्ये असू शकतं. त्यावर 'माग्ना कुम लाउदे' (मोठ्या प्रशंसेसह) बघून घरचे खूश होतात आणि शाळेचा क्लार्क गोंधळतो. म्हणून इंग्रजी गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाचा तपशील त्याच दिवशी मागून घ्या, दोन-दोन सहीशिक्क्याच्या प्रती. आणि कितीही मोह झाला तरी मूळ प्रमाणपत्राला लॅमिनेशन करू नका. पुढे कुठल्याही साक्षांकनाचा शिक्का प्लास्टिकवर बसत नाही.